बिदरकर सरांचं विरजण

बिदरकर सर दारात आले की आधी दह्याची खुशाली विचारतात, मग माणसांची. "लागलं का, वहिनी?" हाच त्यांचा नमस्कार.

हिमायतनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी मायक्रोस्कोप. रोज दही लावतात आणि सकाळी वाट्या भरून सगळ्या बिल्डिंगला वाटतात. वाटीबरोबर व्याख्यान येतंच.

"दह्यातल्या या जंतुमंडळींचे पूर्वज झाडपाल्यावर राहायचे. पानांतली साखर खायचे. दुधातली साखर पचायची नाही. मग लाखांत एखाद्याची घडण चुकली, अन् ती पचली. कुणी ती विद्या शेजारच्या जंतूकडून घेतली. त्यांचंच घराणं वाढलं. शिकायचे रस्ते दोनच, वहिनी. चुकून, नाहीतर शेजाऱ्याकडून."

हे त्यांचं पालुपद. माझे बघारे बैंगन जमले की विचारणार, "चुकून की शेजाऱ्याकडून?" बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली तरी तोच प्रश्न. लिफ्टवाला आता त्यांना पाहिलं की जिन्याने जातो.

गेल्या महिन्यात सर आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेले. जाताना विरजणाची वाटी माझ्या हातात दिली. "रोज कोमट दूध, एक चमचा विरजण. खाऊ नका म्हणत नाही, जगवा फक्त."

पाच दिवस मी जगवलं. सहाव्या दिवशी पाहुणे आले आणि मी सगळं दही कढीत घातलं. कढी फार छान झाली होती. भांडं घासताना विरजण आठवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीतलं दही आणलं, त्याचं विरजण लावलं आणि सरांच्या वाटीत भरून गप्प बसले.

सर परतले. वाटीचा वास घेतला, थेंबभर काचेवर घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"वहिनी, ही मंडळी आपली नव्हेत."

मी कढीची हकीकत सांगून टाकली. चूक कशी कामाला येते, हे ते या वेळी म्हणाले नाहीत. "हौ, होतं असं," एवढंच. मग हळूच म्हणाले, "लग्नात बायको ते विरजण माहेराहून घेऊन आलेली. तिच्या हातचं तेवढंच राहिलेलं."

मला रडूच आलं. आणि एकदम सुचलं, वाट्या तर सगळ्या बिल्डिंगला जातात. मी तशीच तिसऱ्या मजल्यावर पद्मम्मांकडे धावले. सरांच्या दह्याचं काय करता, विचारलं.

"क्या करना? उसीच से जमाती मैं, रोज," त्या म्हणाल्या आणि फ्रिजमधून भांडं काढलं.

सरांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. या वेळी उठेनातच. शेवटी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेजाऱ्याकडून."

मी चमचा पुढे केला. त्यांनी जरासं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"बिघडलंय का?"

"नाही, अगदी तसंच आहे. मला दही कधीच आवडलं नाही, वहिनी. तिला लागायचं, दोन्ही वेळेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सर, हातात वाटी. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "लागलं."