मेश्रामदादांचं बारावं वलय

मेश्रामदादा सकाळी प्रयोगशाळेत आले की माणसांशी बोलायच्या आधी काचेच्या भांड्याशी बोलत. "फुगले काय रे, बाबू?" भांड्यात रेझिनचे मणी असत, रव्याएवढे, रात्रभर भिजत ठेवलेले. ते नीट फुगले नाहीत तर त्यांच्यावर काहीच धड जोडलं जात नाही. मणी फुगलेले दिसले की दादा आम्हाला नमस्कार करत. नसले, तर त्या दिवशी आम्हाला नमस्कार नाही.

मी सिहोऱ्याहून बसने जबलपूरला येत असे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या मार्गदर्शक सरांनी मला दादांच्या हाताखाली दिलं, तेव्हा दादांनी मला एकदा पाहिलं आणि म्हणाले, "कोरडी आहे. आधी भिजू दे." पंधरा दिवस मी नुसती उभी राहून बघत होते. हा उपाय त्यांना सगळीकडे चाले. त्यांच्या घरी स्थळ सांगून आलं तेव्हाही ते म्हणे हेच बोलले होते. ती मुलगी आता दुसऱ्या घरी दोन मुलांची आई आहे.

दादांचं काम सांगायला सोपं होतं. अमिनो आम्ल मण्यांना चिकटवायचं, त्यावर एकेक तुकडा जोडत जायचं, नायट्रोजन असलेलं वलय, म्हणजे रेणूचं कडं, बंद करायचं आणि शेवटी ॲसिड टाकून ते वलय मण्यांवरून सोडवायचं. प्रत्येक जोडणीनंतर मणी धुवायचे. तीन द्रावकं, प्रत्येकाने तीनदा. दादा चहाचा ग्लासही नऊ वेळा विसळत. टपरीवाला म्हणे, "भैया, कांच घिस जाएगी." दादा मान वर न करता सांगत, "सात हुए, दो बाकी."

त्यांची पीएच.डी. अकरा वर्षं चालू होती. सरांनी आधी आठ वेगवेगळी वलयं मागितली. आठ झाली तेव्हा दहा म्हणाले, दहा झाली तेव्हा बारा. मधल्या काळात पहिल्या आठांवर सरांचा शोधनिबंध निघाला. त्यात दादांचं नाव चौथं होतं. दादांनी ते पान लॅमिनेट करून आणलं. मी चौथ्या नावाबद्दल काही बोलायला गेले तर म्हणाले, "छापलं तर आहे न वो."

बारावं वलय दोनदा फसलं. तिसऱ्या खेपेला मुदतवाढीचा शेवटचा महिना उरला होता. बारावं दाखव, प्रबंधावर सही करतो, असं सर म्हणाले होते. त्या दिवशी दादांनी मला बोलावून तपासणीची नळी दाखवली. "पाय इकडे, मणी निळे नाही झाले. म्हणजे सगळं जोडलं." त्यांनी ॲसिड टाकलं आणि तेवढ्यात कार्यालयातून बोलावणं आलं. जाता जाता म्हणाले, "दोन तासांनी गाळून ठेव. मी आलोच."

मी गाळलं. दोन महिने मी एकच काम केलं होतं, द्रव कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतायचा आणि मणी ठेवायचे. हातांनी तेच केलं. मणी नऊ वेळा धुतले, वाळवले, बाटलीत भरले, वर नाव आणि तारीख लिहिली. मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

दादांनी येऊन बाटली उजेडात धरली. "लय सुंदर धुतले वो." मग म्हणाले, "अन् गाळलेलं?"

मी कॅनकडे पाहिलं. तेव्हा मला समजलं. फक्त या शेवटच्या वेळी मणी टाकायचे असतात आणि द्रव ठेवायचा असतो. वलय सुटून त्या द्रवात गेलं होतं, आणि त्या कॅनमध्ये आम्हा सगळ्यांचा आठवडाभराचा कचरा होता.

इतक्यात सर आले. "मेश्राम, बारहवाँ?"

"फेंका गया सर," दादा म्हणाले. "मेरे हाथ से."

"ग्यारह साल में छानना नहीं सीखे?"

लॅबमधली पोरं हसली. मी हसले नाही, पण बोललेही नाही. प्रकल्पाचे गुण सरांच्या हातात होते, आणि बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की मुलगी शास्त्रज्ञ होणार. बरेच दिवस मी स्वतःला हेच कारण देत राहिले.

पुन्हा पहिल्यापासून करायला दिवस पुरले नाहीत आणि मुदत संपली. दादा यायचे बंद झाले. माझ्या प्रकल्पावर सरांनी शेरा लिहिला, 'हात अत्यंत सफाईदार.'

निकालानंतर शिपाई म्हणाला की मेश्रामजी नर्मदेच्या ग्वारीघाटावर बसलेले असतात. मी गेले. दुपारचं ऊन होतं. दादा पायऱ्यांवर होते, इस्त्रीचा शर्ट, बाजूला बॅग.

"दादा, मी सरांना सांगते. आजच सांगते."

"काहून? मले मुदत भेटणार काय आता? तुले मात्र डिग्री देणार नाहीत. दोघं कशाले?"

"तुम्ही इथं काय करून राहिले?"

"घरी सांगितलं नाही. आईले वाटते लॅब सुरू आहे."

मग बॅगेतून डबा काढला. चार पोळ्या, वांग्याची भाजी. दोन पोळ्या झाकणात घालून त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या.

"खा. मले आजकाल सगळं जात नाही. अन् डब्यात उरलं का आई विचारते, तब्येत बरी नाही काय."

माफीचे शब्द मी बसमध्ये पाठ करून आले होते. दादा माझ्या हाताकडे बघत थांबले होते. मी दोन्ही पोळ्या संपवल्या.