तालाच्या आकड्यांचे सर्वसंमत स्वरूप

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या वेस्टरहेम गावच्या बँडमध्ये सिट्से एक्केचाळीस वर्षे बॅरिटोन हे पितळी वाद्य फुंकत होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याने पहिली तक्रार केली.

"रिक्स्ट, अगं, ओळीच्या सुरुवातीचे ते तालाचे आकडे जरा मोठे कर ना. दोन आहेत की तीन, दिसतच नाही. एखाद्या दिवशी तीनाच्या वॉल्ट्‌झचा दोनाचा मार्च करून बसेन."

"एवढंच ना, काका?"

बँडची स्वरलिपी संगणकावर उतरवण्याचे काम रिक्स्टकडे होते. तिने आकार दीडपट केला. चाळीस सेकंद लागले.

अध्यक्ष हिल्ब्रांड यांना हे बुधवारी कळले. "एकाला मोठे आणि बाकीच्यांना लहान? असं कसं चालेल?" त्यांनी तालांक-स्वरूप समिती नेमली.

कॉर्नेटवाल्यांना मोठे आकडे गावंढळ वाटले. त्यांना नाजूक हवे होते. ट्रॉम्बोनवाल्यांना ओळीच्या वर, अधांतरी. सॅक्सोफोनच्या बाईंनी तीन-चारच्या तालात चाराला कायम तीनाखाली दाबून ठेवण्यावर लेखी आक्षेप घेतला. म्हणून दोघांना शेजारी बसवले, तर ढोलवाल्याने ते ३४ असे वाचले आणि चौतीस ठोके मोजून विचारले, "आता थांबू का?" सॉफ्टवेअरमध्ये यातल्या प्रत्येकाची सोय होती, हीच अडचण.

नवव्या सभेत रिक्स्ट थकून म्हणाली, "आकडे लपवायचीही सोय आहे."

सभा प्रसन्न झाली. यात कुणाचाच पक्ष हरत नव्हता. सिट्से सोडून सगळ्यांचे हात वर गेले.

"अरे, पण मग वाजवायचं कसं?" सिट्सेने विचारले.

"प्रश्न स्वरूपाचा होता," अध्यक्ष म्हणाले. "वाजवणं आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

त्या वर्षीच्या बँडस्पर्धेत कॉर्नेट तीनात निघाले, ट्रॉम्बोन दोनात, सॅक्सोफोन चारात. सिट्सेने थोडा वेळ कानोसा घेतला, मग बॅरिटोन मांडीवर ठेवला. बँड शेवटचा आला. चौकशी समितीने पराभवाचे मूळ कारण शोधून काढले: सिट्सेची तक्रार. त्याला पुष्पगुच्छ देऊन सन्मानाने निवृत्त करण्यात आले. ठराव एकमताने झाला.

सभागृहाच्या दारात त्याने रिक्स्टला गाठले. "अगं, मला काढायला तूसुद्धा हात वर केलास?"

ती ओशाळली. "सगळ्यांनी केला, काका. आणि कॉफी गार होत होती."

रिक्स्टला नावे ठेवण्याआधी एक करा. तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही हात वर केला होता. कशासाठी, ते आठवून पाहा.