हिरव्या मशीनची माटवी

“आनंदी, माटवी वर गेल्याबिगर गणपतीक पाटार बसवू नको हां गो!”

सासूबाईंना जाऊन काही वर्षं झाली, तरी श्रावण सरत आला की हा आवाज आनंदीच्या कानात वाजू लागे. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली लाल कवंडाळं, आंब्याचे डहाळे बांधायचे. जुन्या घरात वाशांना सुंभाने बांधली की झालं. पण यंदा घर स्लॅबचं! वासा नाही, आढं नाही, वर नुसती पांढरीशुभ्र सपाटी. स्लॅब घालताना मिस्त्रीने विचारलं होतं, “कड्या सोडू?” तेव्हा तिचा नवरा रविकांत छाती फुगवून म्हणाला होता, “कड्ये कित्याक? मशीन हाडतंय! चार भोकां! पाच मिन्टांचां काम!”

ते पाच मिनिटांचं काम आषाढापासून चालू होतं.

रविकांत पंचायतीत कारकून. साधा नारळ घ्यायचा तरी ढिगातला प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघणार आणि शेवटी पहिलाच घेणार. वायरचं ड्रिल मशीन त्याला नको होतं. “वायर म्हणजे दाव्याक बांधलेलो रेडो! आपणाक बॅटरीवालां होया!” त्यात कंपन्या दोन. एक हिरवी, एक नारिंगी. रविकांत रोज पहाटे मोबाइलवर दोन्हींचे व्हिडिओ लावी. इकडे आनंदी देवापुढे जपाला बसली की पलीकडून कुणी हिंदी गृहस्थ ‘आरपीएम’ सांगू लागे. जपात आरपीएम मिसळला की बिचारी पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करी.

मग रविकांतने वाडीच्या ग्रुपवर विचारलं, “हिरवी की नारिंगी?” झालं! मुलीच्या स्थळाला झाली नसेल एवढी चर्चा! चुलतभाऊ गुरुदास हिरव्या पंथाचा. डोंबिवलीला असणारा धाकटा भाऊ प्रितम नारिंगी पंथाचा. एका कंपनीची बॅटरी दुसरीला लागत नाही. दोघींत रोटी-बेटी व्यवहारच नाही! त्यामुळे भांडणही सोवळ्यातलं. गुरुदास रागाने ग्रुप सोडून गेला आणि ॲडमिन तोच असल्याचं आठवल्यावर परत आला.

असं करता करता हरतालिका उजाडली. उद्या गणपती, आणि घरात भोक पाडायला खिळासुद्धा नाही!

हरतालिकेला आनंदीचा कडक उपास, आणि दिवेलागणीपर्यंत मौन. लिहूनही काही सांगायचं नाही. कागदावर बोलणं म्हणजे मौनाला मागचं दार, असं सासूबाईंचं मत. हातवाऱ्यांना मात्र त्यांच्या शास्त्रात माफी होती. नवरा आज मशीन घेऊनच परतावा म्हणून आनंदी त्याच्याबरोबर कसालच्या बाजारात गेली.

दुकानात चतुर्थीची ही गर्दी! दुकानदार मंगेशने खोका समोर ठेवला. हिरवा! आणि नारिंगीच्या मानाने भलताच स्वस्त!

“ऑफर आसा काय रे?” रविकांतचे डोळे लकाकले.

“एवढ्यातच जाता ह्यां. बाकीचां सगळां आसा मां तुमच्याकडे?”

‘आमच्याकडे नाही’ असं म्हणणं रविकांतच्या घराण्यात नव्हतं. “आमच्याकडे? आमच्याकडे सगळां आसा!”

आनंदीची नजर मात्र खोक्याच्या खालच्या चिठ्ठीवर गेली. ‘बॅटरी आणि चार्जर वेगळे.’ तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि पंजा हलवून दाखवला. नाही! नाही!

“बघ, पाच वर्सांची वॉरंटी आसा म्हणता!” रविकांत मंगेशला म्हणाला.

आनंदीने मुठीचा पोकळ गोल करून त्यातून एका डोळ्याने बघितलं. आत रिकामं आहे हो!

“नीट पारखून बघितलंय, म्हणता!”

तिने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

“झाला! देवाक हात जोडल्यान! बांध रे मंगेशा, हिरव्याचोच योग!”

घरी आल्यावर वाडीच्या साक्षीने खोका उघडला. मशीन देखणं होतं, पण मुठीखाली बॅटरीच्या जागी कोनाडा! एखादी पणती बसली असती आत. सकाळच्याच गाडीने आलेला प्रितम पोट धरून हसला. “दादा, केतू हाडलंस मरे! नुसतां धड!”

“हसा नको! उद्या गणपती आसा!”

“मगे माझां घे. नारिंगी. चार्ज करून हाडलंय.”

“माझ्या नव्या घराक पयलां भोक नारिंगी मशीनचां? मेलंय तरी नाय!”

इतक्यात गुरुदास आपली हिरवी बॅटरी घेऊन आला. पंच्यात गुंडाळून, पालखीतला देव आणावा तशी! मशीनला ती चपखल बसली. घर्रर्र! रविकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. आता शिडी लावायची, चार भोकं पाडायची, संपलं.

पण गुरुदास प्रितमकडे बघून म्हणाला, “ह्येका म्हणतत मशीन! नायतर काय जणांची खेळणी!”

“खेळणी?” प्रितम ताडकन उठला. “चल गडग्यार! चिऱ्याक कोण आधी भोक पाडता बघूया!”

आवाराच्या गडग्यातल्या चिऱ्याला भोक पडलं. दोन्ही मशीनांनी एकदमच पाडलं म्हणून दुसऱ्या चिऱ्याला पाडलं. मग फणसाच्या ओंडक्याला. मग गुरुदासने माटवीसाठी ठेवलेला नारळ उचलला. त्याचं पाणी कारंज्यासारखं प्रितमच्या नव्या शर्टावर उडालं. आनंदी धावत बाहेर आली. बॅटरी संपेल हो! तिने काकुळतीने हात जोडले.

“बघा, वयनीक पण पटला! नमस्कार करतत!” गुरुदास ओरडला, आणि त्या आनंदात त्याने आणखी एक ओंडका चाळणीसारखा केला.

घर्र... घ... गप्प. हिरवी गेली. मागोमाग नारिंगीनेही मान टाकली.

“लाव मरे चार्जिंगक!”

चार्जर लावला आणि वाडीतली वीजच गेली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी वीज जाणं ही आमच्याकडे बातमी नव्हे!

आनंदीने तुळशीपाशी दिवा लावला. मौन सुटलं. दिवसभरात साठलेले शब्द धरणाच्या दाराशी उभे होते. चिठ्ठीचे, पंजाचे, कपाळाचे, नारळाचे! ती ओसरीवर आली. पायरीवर रविकांत बसला होता, मांडीवर मशीन आणि पायाशी माटवी.

“आनंदी,” तो हळूच म्हणाला, “नव्या घरातलो पयलो गणपती. आणि माटवी जमनीर. आई आसती तर माझ्या हातचां पाणी घेतली नसती गो.”

साठलेले शब्द तसेच घेऊन ती आत गेली आणि तिने देवापुढे हात जोडले. “देवा, माटवी वर जाऊ दे. या मशीनबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही.”

सकाळ झाली तरी वीज नव्हती. भटजी मात्र आले, आणि त्यांना पुढची घरं होती. मुहूर्त थांबेना, माटवी चढेना! शेवटी आनंदीने प्रितमच्या हातात एक कोपरा दिला. दुसरा गुरुदासच्या. तिसरा प्रितमची बायको दिव्या हिच्या, आणि चौथा भटजींच्या रिक्षावाल्याच्या. चौघांनी हात वर केले. माटवी वर गेली, आणि मगच मूर्ती पाटावर बसली.

“पंचामृतस्नानं समर्पयामि,” भटजी सावकाश म्हणाले.

“भटजीनू, वायच बेगीन,” प्रितमचे दंड थरथरू लागले.

“मंत्र बेगीन व्हत नाय. हलू नका!” एवढं म्हणेपर्यंत एक नारळ भटजींच्या टाळक्यावर टेकून गेला.

“नारिंगीवाल्यांका दम नाय,” गुरुदास पुटपुटला.

“तुझो कोपरो बघ आधी! हिरवो खाली इलो!”

आरतीच्या ऐन रंगात पंखा फिरू लागला. “इली! लाईट इली!” गुरुदास चार्जरकडे धावला आणि माटवीने एका बाजूला झोल खाल्ला. “धर मेल्या, धर!” सगळी आरती ओरडली, आणि रविकांतने घंटा टाकून कोपरा झेलला.

पुढे बॅटरी भरली, दिव्याने मूर्तीवर छत्री धरली, हिरव्या मशीनने चार भोकं पाडली आणि माटवी टांगली गेली. नारळ, सुपारी, कवंडाळं सगळं जिथल्या तिथे. आनंदीने पदर घेऊन नमस्कार केला.

संध्याकाळी दर्शनाला शेजारीण शर्मिला आली. तिने वर बघितलं. “भावजीनू, काय मस्त टांगलास हो!”

“मशीनच तसां आसा!” रविकांतचा आवाज वाडीभर गेला. “आणि माका इचारशात तर माझी पसंती न्हयच ती. पसंती आनंदीची! मौनात होती, बोलाक येय नाय, तरी हातान सांगल्यान, ह्यांच घेवा! पंजो दाखवल्यान, डोळो लावन पारखल्यान! बॅटरीबिटरी मागसून बघता येता. आधी मशीनची पारख होयी!”

“गो बाय माझे!” शर्मिलाने गालावर बोट ठेवलं. “खरां गो, आनंदी?”

शब्द दातांपर्यंत आले. आनंदीने एकदा माटवीकडे बघितलं, एकदा खालच्या मूर्तीकडे. मग शर्मिलाच्या हातावर मोदक ठेवला आणि रिकामं ताट उचलून ती आत गेली.

“बघितलास? लाजता!” बाहेरून रविकांत म्हणाला.

आनंदीने पदर खोचला, विळी ओढली आणि ओठ घट्ट मिटून नारळ खवायला बसली.