रामटेकला निघालेल्या रेसच्या गाड्या

"पहिला, दुसरामार्गे तिसऱ्या मजल्यावर जाणारी लिफ्ट सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी कृपया दार ओढून घ्यावे."

नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही घोषणा रोज होते. ती करतात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गजभिये काका. लाऊडस्पीकर नसतो, त्यांना त्याची गरजही नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवली. रिटायर झाले तरी रोज काहीतरी वेळेवर सोडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. माझ्याकडे चार लोकांनी एकदम पाहिलेलं मला आवडत नाही, म्हणून मी जिन्याने जायला लागले. दुसऱ्याच दिवशी मागून आवाज आला, "जिन्याने जाणाऱ्या प्रवाशाने आपल्या सामानाची काळजी घ्यावी."

एरवी त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं. "आपल्याजवळ टाइम नाही." दूधवाल्याला हेच, लग्नात भाषण करणाऱ्या पाहुण्यांना हेच, आणि एकदा दात काढणाऱ्या डॉक्टरलाही, तोंड उघडं असताना.

काकूंना याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो फार पूर्वी. त्या माहेरी, रामटेकजवळच्या गावी निघाल्या होत्या. गाडीत पिशवी ठेवून शिंगाडे घ्यायला खाली उतरल्या. शिंगाडेवाल्याशी भाव करत होत्या, तेवढ्यात वेळ झाली. काकांनी शिट्टी मारली आणि गाडी सोडली.

"पिशवी माहेरी पोचली, मी स्टँडवर," काकू सांगतात. "माह्या बापानं पिशवीलेच विचारलं असंल, कशी आहेस बाई."

"टाइम म्हणजे टाइम," काका म्हणतात. अजूनही.

गेल्या वर्षी काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडीचा प्रवास कायमचा बंद केला. खुर्चीत उशा लावून बसता येतं, तेवढंच. "माहेरचा तो रस्ता एकदा पाह्यचा होता," असं काकू एका दुपारी सहज म्हणाल्या. काकांनी माळ्यावरून मुलाचा जुना कॉम्प्युटर खाली काढला.

त्यात कार रेसचा एक जुनाट खेळ होता. परदेशातले रस्ते, मागे बर्फाचा डोंगर, सहा गाड्या. काकांनी ठरवलं, हाच रस्ता रामटेकला न्यायचा.

खेळ बनवणारे काही लोक तो बदलण्याची साधनंही सोबत देतात. या खेळासोबत तसलं काही नव्हतं. काका खेळाची फाइल उघडायचे, आतमध्ये नुसते आकडेच आकडे. त्यातला एक बदलायचा, खेळ सुरू करायचा आणि काय बिघडलं ते बघायचं.

"नवीन घराच्या बटनांसारखंच आहे," ते मला म्हणाले. "दाबून पाह्यचं, कोणत्या खोलीतला पंखा बंद होते."

मी घरी बसून सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, हे त्यांना माझ्या आईने सांगितलं होतं. "काय वं पोरी, लोकायच्या चुका शोधतेस, माह्या बी शोध. लवकर ये, आपल्याजवळ टाइम नाही." अशी मी त्यांची टेस्ट ड्रायव्हर झाले.

पहिल्या दिवशी माझी गाडी आभाळातून चालली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक रस्त्यावर आणि रस्ता प्रेक्षकांत. काका रामटेकच्या बसने जाऊन फोटो काढून आले आणि परदेशी जाहिरातींच्या जागी एकेक चिकटवत गेले. कामठी आली, कन्हानचा पूल आला, शेवटी शिंगाड्यांची एक हातगाडी आली. झेंडा दाखवणाऱ्या बाईला काकांनी रंगवून लुगडं नेसवलं, पण ती झेंडा उंचावायची तेव्हा लुगडं जागेवरच राहायचं. काकूंनी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरलं.

बर्फाचा डोंगर मात्र हलला नाही. "रामटेकले बर्फ पडून राहिला काय?" काकूंनी विचारलं.

"थंडीचे दिवस हायेत असं समज."

बाकीच्या पाच गाड्याही हटत नव्हत्या. त्यांना काढलं की खेळच बंद पडायचा. त्या काकूंना मागून धडका द्यायच्या, म्हणून काकांनी बऱ्याच खटपटीने त्यांचा वेग काकूंच्या वेगाला बांधून टाकला. मग रेसच्या पाच गाड्या वरातीसारख्या काकूंच्या मागे चालू लागल्या.

काकू एका बोटाने गाडी चालवायच्या. कामठी, पूल, सगळं नीट बघत. शिंगाड्यांच्या हातगाडीपाशी आल्या की थांबायच्या. आणि कोपऱ्यातलं, रेसची उरलेली वेळ मोजणारं घड्याळ शून्यावर यायचं, पडदा काळा व्हायचा, गाडी पुन्हा नागपुरात.

तीनदा असं झाल्यावर काकू म्हणाल्या, "खेळ बी तुमच्यासारखाच निंगाला."

काका हसले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस लिफ्टची घोषणा झाली नाही. बिल्डिंगमधले लोक लिफ्टपाशी उभे राहून एकमेकांकडे बघायचे, मग गुपचूप दार ओढायचे. मी डोकावले तर काका पडद्याला नाक लावून बसलेले. त्यांनी घड्याळात मोठा आकडा घालून पाहिला, तो मावेना. खेळातली वेळच पुसून टाकली, तर गाडी सुटेना.

"सेकंदाले एक कमी करून राहिला हा कुठंतरी," ते पुटपुटले. "ते 'एक' सापडलं पाह्यजे."

एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. गाडी निघाली. कामठी, पूल, मागे पाच गाड्यांची वरात. हातगाडी आली. काकूंनी बोट उचललं.

गाडी थांबली. मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सुरुवातीचाच आकडा, जसाच्या तसा. काकांना ते 'एक' सापडलं होतं आणि तिथे त्यांनी शून्य ठेवलं होतं.

मागच्या पाचही गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या. बर्फाच्या डोंगराखाली गुरगुरत.

"हे काहून थांबले?" काकूंनी विचारलं.

काकांनी घसा खाकरला. आवाज स्टँडवरचाच होता, फक्त खाली आलेला. "रामटेकला जाणाऱ्या सर्व गाड्या थांबवण्यात आल्या आहेत. एक प्रवासी शिंगाडे घेत आहे. ती गाडीत बसेपर्यंत कोणतीही गाडी सुटणार नाही."

काकू पडद्यावरच्या हातगाडीकडे बघत राहिल्या. मी मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"मी भाव करणार हाय," काकू म्हणाल्या.

"कर नं," काका म्हणाले. "कोणाले घाई हाय."