कोणाला सांगू नकोस

ताईच्या साठाव्या वाढदिवसाला करायचं भाषण तिच्या मधल्या भावाने चालत्या गाडीत पाठ केलं. त्याचा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकणारा स्टिअरिंग धरून घाम गाळत असतो आणि हा शेजारच्या सीटवर, पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असतो. त्या आठवड्यात जे कोणी शिकायला आले त्या सगळ्यांना ते भाषण ऐकावं लागलं. बँकेतल्या एका बाईंना तर ते इतकं लागलं की डोळे पुसायला त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, आणि मधल्याला त्याचा ब्रेक दाबावा लागला.

"तुमच्या भावाबहिणीला माहीत आहे हे?" बाईंनी रुमालातून विचारलं.

"नाही ना, तीच तर पंचाईत आहे," मधला म्हणाला. "हात ठेवा स्टिअरिंगवर."

गोष्ट अशी होती. आई गेली तेव्हा ताईची शाळा नुकती संपत आली होती आणि खाली तीन भावंडं होती. वडिलांची कारखान्यात पाळी असायची. तेव्हा थोरल्याला, मधल्याला आणि धाकटीला वाढवलं ते ताईनेच. एकदा मधला तापाने फणफणला होता. दुपारची वेळ, घरात बाकी कोणी नाही. ताईने कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "घरात माझा सगळ्यात जास्त जीव तुझ्यावर आहे. पण कोणाला सांगू नकोस. बाकीच्यांना वाईट वाटेल."

मधल्याने कोणाला सांगितलं नाही. पुढे लग्न झालं तर बायकोलाही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्याला बाकीच्या दोघांची दया येऊ लागली. आपल्या वाट्याला जास्त आलंय, तेव्हा आपण जरा मोठ्या मनाने वागावं, हे त्याला त्या वयातही कळलं. खिडकीजवळची जागा त्याने थोरल्याला दिली. नवी सायकल धाकटीला दिली आणि स्वतः जुनीची चेन बसवत राहिला. गंमत म्हणजे ती दोघंही त्याच्याशी तितकीच मायेने वागत. थोरला स्वतःचा कोट त्याच्या अंगावर चढवी, धाकटी आपल्या ताटातलं त्याच्या ताटात सारी. बिचाऱ्यांना कमी मिळूनही मनं किती मोठी आहेत, असं मधल्याला वाटे.

वडील गेल्यावर घराचा प्रश्न आला. लोक वाट पाहत होते की आता ही भावंडं कोर्टात भेटणार. तिघंही भांडली, पण उलटी. थोरला म्हणे मधल्याने घ्यावं, मधला म्हणे धाकटीने घ्यावं, धाकटी किल्ली कागदात गुंडाळून थोरल्याच्या घरी ठेवून येई. ताईने आधीच हात वर केले होते. तिला दवाखान्याजवळच्या आपल्या दोन खोल्या पुरत होत्या. असं ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आणि घराला मात्र कुलूप लागून राहिलं.

आता ताईला साठ वर्षं पूर्ण होत होती. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं आता जाहीरपणे सांगायचं, असं मधल्याने ठरवलं. भावंडांना फार लागू नये म्हणून शेवटी त्याने एक परिच्छेदही घातला होता, की प्रेम कमी मिळालं तरी माणसं किती चांगली निपजतात, याचं उदाहरण माझ्या शेजारीच बसलेलं आहे. भाषणांचा क्रमही त्यानेच लावला. आधी डॉक्टर, मग थोरला, मग धाकटी, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः. आपल्यानंतर कोणाला तोंड उघडवणार नाही, अशी त्याची खात्री होती.

समारंभ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. खुर्च्या भाड्याने आणलेल्या, माईक मधूनच शीळ घालणारा. ताई पहिल्या रांगेत नव्या कपड्यांत अवघडून बसली होती. पहिले डॉक्टर उठले. ताईने त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसून जन्मभर पेशंटना नंबर दिले होते.

"आमच्या वेटिंग रूममध्ये कधी भांडण झालं नाही," डॉक्टर म्हणाले. "मला वाटायचं माझा हातगुण. मग एक दिवस कळलं. ह्या बाई प्रत्येक पेशंटजवळ जाऊन हळूच सांगायच्या, की तुम्हाला जरा लवकर आत सोडते, पण कोणाला बोलू नका. त्यामुळे सगळे खुशीत. उलट, जो तो शेजाऱ्याकडे, बिचारा मागे राहणार म्हणून, दयेने बघायचा."

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने मधला हसला. शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर थाप मारून तो म्हणाला, "आमची ताई म्हणजे काय चीज आहे."

मग थोरला उठला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अधिकारी असलेला हा माणूस एरवी पाण्याइतकाच जपून शब्द सोडणारा. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी आज एक गोष्ट सांगणार आहे, जी मी कोणालाच सांगितलेली नाही," तो म्हणाला. "मी परीक्षेत नापास झालो होतो. जिन्यात बसून होतो. ताई आली, शेजारी बसली, आणि म्हणाली..."

मधल्याचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

"...म्हणाली, माझा सगळ्यात जास्त जीव तुझ्यावर आहे. कोणाला सांगू नकोस."

थोरला जागेवर जाऊन बसला. हॉलमध्ये रुमाल निघाले. मधल्याने लवकरच स्वतःला सावरलं. नापास झालेल्या पोराला माणूस दुसरं काय सांगणार? ताईने समजूत घातली आणि बिचाऱ्याने ती खरी धरली. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, आणि उभा कशावर राहिला, तर थापेवर. मधल्याला भावाची कधी नव्हे इतकी कीव आली.

धाकटी शाळेत खेळ शिकवते. तिला माईकची गरज नाही. तिने तो बाजूलाच ठेवला.

"दादा, रागावू नकोस हं," ती थोरल्याला म्हणाली, "पण हेच मला सांगितलंय. पहिल्यांदा शाळेत सोडायला आली होती तेव्हा, फाटकाजवळ. शब्दन् शब्द हाच. मी आजवर गप्प बसले ते तुमच्या दोघांसाठी. सायकल घेतली तीसुद्धा या मधल्या भाऊला देण्याचा आनंद मिळावा म्हणून. मला चालवायलाच येत नव्हती."

आता हॉल मनापासून हसला. थोरलाही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. ताई मान खाली घालून मांडीवरची साडीची घडी सारखी करत होती. मग हळूहळू सगळी तोंडं मधल्याकडे वळली. तिसऱ्यालाही तेच सांगितलेलं असणार, हे एव्हाना लहान मुलालाही कळलं असतं आणि लोक हसायला तयार होऊनच बसले होते.

मधला माईकपाशी गेला. खिशातलं भाषण त्याच्या आधी दोनदा होऊन गेलं होतं. समोर थोरला बसला होता. केस पांढरे झालेला तो माणूस त्या घडीला जिन्यात बसलेल्या पोरासारखा दिसत होता. मधल्याला वाटलं, आपण तिसरे 'मलाही' म्हटलं की याच्या हातात काही राहणार नाही आणि ताईचं हसं होईल. खरं काय ते आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे.

"मला तिने असं कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "एवढंच." आणि तो जागेवर येऊन बसला. आयुष्यात आपण इतकं मोठं कधी वागलो नाही, असं त्याला वाटत होतं.

हॉलमध्ये कोणीच हसलं नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी चुकचुकल्याचा आवाज आला. मधल्याच्या बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

"मला कधी बोलला नाहीत," ती कुजबुजली. "एवढं सोसलंत लहानपणी?"

"अगं, तसं नाही."

"राहू द्या. आता मी आहे."

डॉक्टरांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की लहानपणी दुर्लक्ष झालेली मुलं पुढे फार समजूतदार होतात. धाकटी उठून आली आणि भावाच्या गळ्यात पडून चक्क रडली. मग थोरला उठला. त्याचा चेहरा आता उजळला होता, कारण त्याला दुसऱ्या कोणाची तरी कीव करता येत होती. त्याने माईक घेतला.

"वडिलांचं घर इतकी वर्षं बंद आहे," तो म्हणाला. "आज सगळ्यांसमोर सांगतो. ते याचं. आम्हाला खूप मिळालं. याला काय मिळालं?"

टाळ्या वाजल्या. मधल्याला ते घर अजिबात नको होतं. छत गळत होतं, मोरीचा पाइप फुटलेला होता, आणि मागच्या भिंतीत झाड उगवलं होतं. पण सगळ्यात लाडक्या माणसाला नको म्हणता येतं. नावडत्याला ती सोय नसते. धाकटीने फिरून तिच्याकडेच आलेली किल्ली पर्समधून काढून त्याच्या मुठीत दाबली.

तेवढ्यात ताई उठली. तिने थोरल्याच्या हातातून माईक घेतला.

"मी याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ताप आला होता तेव्हा. माझ्या चांगलं लक्षात आहे."

सगळा हॉल हळहळला. साठाव्या वर्षीसुद्धा बाईचं मन बघा, असं एक बाई दुसरीला म्हणाल्या. डॉक्टरांनी शेजाऱ्याला सांगितलं, "हीच ती हातोटी. अशीच पेशंटना शांत करायच्या."

"ताई, असू दे आता," थोरला प्रेमाने म्हणाला.

"असू दे काय? खरंच सांगितलं होतं मी."

टाळ्या वाढल्या. ती जितकं ठासून सांगे, तितके लोक गहिवरत. ताईने मधल्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण आता खरं बोलायचं तर ते घर, ती मिठी, थोरल्याचा उजळलेला चेहरा, सगळंच परत करावं लागलं असतं. त्याने मान खाली घातली. ताई जागेवर बसली. केक तिने एका फटक्यात कापला.

पाहुणे पांगल्यावर माईकवाला वायरी गुंडाळू लागला आणि दुसरा माणूस खुर्च्यांच्या घड्या घालू लागला. ताई शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. हातातल्या प्लेटमधला केक तसाच होता. मधला समोर जाऊन उभा राहिला.

"विसरलास?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"दादाचा चेहरा बघवला नाही."

"म्हणून मला खोटं पाडलंस. साठ वर्षांची झाले आणि सगळ्या गावासमोर सांगत बसले, की नाही हो, मी याच्यावर प्रेम केलंय. आणि एकानेही विश्वास ठेवला नाही."

मधल्याला खरोखर वाईट वाटलं. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं, पण एक प्रश्न त्याला गप्प बसू देईना. त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"ताई, पण आता खरं सांग. त्या दोघांची तू समजूत घातलीस. खरं कोणाला सांगितलं होतंस?"

"तिघांनाही खरं सांगितलं," ती म्हणाली. "जो रडत होता, तो त्या वेळी सगळ्यात लाडका होता. दुसऱ्याचा विचार करायला तेव्हा वेळच कुठे होता मला?"

मधल्याने चाळीसेक वर्षं जपलेली जागा अशी एका वाक्यात गेली. त्याला वाटलं होतं फार दुखेल. दुखलं, पण बेताचंच.

"आणि ते राहू दे," ताई म्हणाली. "एवढी भाषणं झाली. माझ्याबद्दल कोण बोललं रे?"

"म्हणजे काय, सगळे तुझ्याबद्दलच तर बोलत होते."

"माझा जीव कोणावर, ते बोलत होते. दादा स्वतःबद्दल बोलला. धाकटी स्वतःबद्दल बोलली. डॉक्टर त्यांच्या दवाखान्याबद्दल बोलले. तुझं भाषण राहिलंय. बोल आता."

"माईक गेला ना."

"मला ऐकू येतं."

मधला सरळ उभा राहिला. घसा साफ केला.

"मी लहान असताना..."

"परत तू."

"ताईने आम्हाला..."

"आम्हाला नको."

त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. 'ताई' म्हटलं, की वाक्य दोन पावलांत वळून त्याच्याच दारात येई. ताईला नंबर देण्याचं काम आवडत होतं का, तिला कोणती भाजी आवडते, तिने लग्न का केलं नाही, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य पुढे नेता येईना. शेवटी त्याने भाषणाचा नाद सोडला.

"ताई," त्याने विचारलं, "आई गेली नसती तर तू काय केलं असतंस?"

ताईने प्लेट खाली ठेवली. खुर्च्या गोळा करणारा माणूस त्यांच्या रांगेपर्यंत आला आणि हात पुढे करून थांबला. ताईने पायाने शेजारची खुर्ची मधल्याकडे सरकवली.

"या दोन राहू द्या," ती त्या माणसाला म्हणाली. "आम्हाला जरा वेळ लागेल."