कार्ब्युरेटरची रिकामी जागा

आमच्या खडकतळे नगरपालिकेच्या गवत कापायच्या मशीनचे कार्ब्युरेटर नोकरीत कायम होते आणि त्याच मशीनवर बसून मैदान कापणारी मी रोजंदारीवर होते. कायम माणसाला अरेतुरे करायचं नाही, असा कचेरीचा रिवाज आहे. म्हणून मीही त्यांना अहोजाहोच करायचे. मला मात्र सगळे 'ए सिंधे' म्हणायचे.

घोळ टाचणीने केला. अकरा वर्षांपूर्वी ते मशीन आलं. लाल रंगाचं, चार चाकांचं, वर बसून चालवायचं. त्याच दिवशी मी नोकरीचा अर्ज दिला. मशीनचे कागद आणि माझा अर्ज कुणीतरी एकाच टाचणीत अडकवले. वरच्या कागदावर मशीनच्या भागांची यादी होती आणि तिच्यात पहिलंच नाव होतं कार्ब्युरेटर. तेव्हाच्या हेडक्लार्कना पान उलटायची सवय नव्हती. त्यांनी ऑर्डर काढली, 'श्री. कार्ब्युरेटर यांना वर्ग चारच्या पदावर कायम करण्यात येत आहे.' माझा अर्ज कुठे गेला, ते कुणालाच सांगता येईना. वर्षभर हेलपाटे घातले, चपला झिजल्या, मग सोडून दिलं आणि मिळेल त्या रोजावर मशीन चालवत राहिले.

कायम झाल्यावर कार्ब्युरेटरांचं वागणं बदललं. साडेदहाच्या आत मशीन सुरू व्हायचं नाही. चहाच्या वेळेला अर्धा तास बंद. दुसरा शनिवार, रविवार, जयंती, पुण्यतिथी, या दिवशी किल्ली फिरवून बोटं दुखली तरी साहेब ढिम्म. मग मी विळा घेऊन बसायचे, कारण रोजंदारीला सुट्टी नसते. राग यायचा. खोटं कशाला सांगू, एकदोनदा मी त्यांना चपलेने मारलंही आहे. त्यांनी तक्रार केली नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

यंदा पाऊस संपता संपता मुलींच्या फुटबॉलचे राज्य सामने आमच्या मैदानावर ठरले. गुरुवारी अकरा वाजता समिती पाहणीला येणार होती. दोन बोटांपेक्षा उंच गवत चालणार नव्हतं, आणि आमचं तर गुडघ्याला लागत होतं. सोमवारी सकाळी मुख्याधिकारी मॅडमनी मला बोलावलं.

"सिंधू, सामने हातचे गेले तर मैदान ठेकेदाराला द्यायचा ठराव तयार आहे," त्या म्हणाल्या. "मग तुझं काम राहत नाही. हे मी तुला आधीच सांगून ठेवते."

मी तडक मैदानावर गेले, किल्ली फिरवली, आणि त्याच दिवशी कार्ब्युरेटर आजारी पडले. काळा धूर, घरघर, आणि खालून पेट्रोलची धार. आमच्या गावातली सगळी इंजिनं अल्लाबक्ष मिस्त्री सांभाळतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कार्ब्युरेटर जागेवरच उघडून पाहिले, पेट्रोलने धुतले, बारीक भोकांतून फुंकर मारली, पुन्हा जोडले आणि हात पुसत खाली बसले.

"बेटी, आतली दांडी पार झिजलीय. तरंगायचा डबा फुटलाय. यांच्यात आता काही राहिलं नाही. नवा टाकावा लागेल."

"टाका मग."

"कायम माणसाला मी कसा हात लावू? वर विचार."

आम्ही दोघं काळदाते भाऊसाहेबांकडे गेलो. ते आस्थापना बघतात आणि भांडारही तेच बघतात. अतिशय सरळ माणूस, पण नियमापुढे आईलाही ओळखणार नाही.

"कायम कर्मचाऱ्याला पान्याने सोडवून काढता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "वैद्यकीय दाखला आणा."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मशीनजवळ येऊन कार्ब्युरेटरांना नळी लावली, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि लिहून दिलं, 'दम लागतो. पोटात पेट्रोल ठरत नाही. कामास कायमचे अपात्र.' मंगळवारी दुपारी निरोप समारंभ झाला. मिस्त्रींनी त्यांना रीतसर उतरवलं, शालीवर ठेवलं, नारळ दिला. चौघांनी भाषणं केली आणि चौघांनीही ते मितभाषी होते असंच सांगितलं. मीही हार घातला. अकरा वर्षांची ओळख होती, वाईट वाटलंच. मग ते मिस्त्रींच्या दुकानातल्या फळीवर राहायला गेले.

बुधवारी सकाळी मशीन तयार होतं, गवत तयार होतं, आणि इंजिनच्या उजव्या अंगाला मुठीएवढं भोक उघडं पडलं होतं. मिस्त्री बाजारातला नवा कार्ब्युरेटर दाखवायला घेऊन आले होते. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"विकत घ्यायचा तर निविदा. तीन महिने लागतात. माणूस म्हणून भरायचा तर भरतीला बंदी आहे."

"भाऊसाहेब, उद्या समिती आहे," मी म्हणाले. "उद्या माझी भाकरी जाणार आहे."

"मला कळतंय, सिंधे. पण रस्ता एकच आहे. भांडारात सुटा भाग शिल्लक असेल, तर मागणीपत्रावर बसवता येतो. त्याला ना निविदा लागते ना भरती."

त्यांनी भांडाराचं रजिस्टर काढलं आणि मशीनच्या पानावर बोट फिरवायला सुरुवात केली. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुझं आडनाव वाघचौरे ना?"

"हो."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझा अर्ज त्या पानाला चिकटवलेला होता, टाचणीच्या भोकांसकट. शेजारी सुवाच्य अक्षरात नोंद होती, 'गवत कापायच्या मशीनचा सुटा भाग. सिंधू वाघचौरे. नग एक. शिल्लक.'

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं मी उन्हातान्हात राबले आणि यांच्या लेखी मी कपाटात पडून होते! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आलं, की भांडारात शिल्लक असलेला भाग तर मीच आहे.

"भाऊसाहेब, हा भाग त्या जागेवर बसवता येतो?"

"येतो. याच मशीनचा आहे."

"आणि जागा कायमची आहे?"

"जागा कायमचीच आहे. तिच्यावर जो बसेल तो कायम."

"मग मागणीपत्र लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. सुंदर लिहिलं. मॅडमची सही झाली. मी रुजू अहवाल दिला, आणि आम्ही मैदानावर गेलो.

मिस्त्रींनी मात्र मला बाजूला घेतलं. "कागद झाला, बेटी. काम जमेल का? इंजिनाला चौदा भाग हवा, एक भाग पेट्रोल असं मिसळून द्यायचं असतं. पेट्रोल वाढलं की धूर, कमी पडलं की बंद."

"मिस्त्री, भाकरीच्या पिठात पाणी किती, हे मी कधी मापून घातलंय का?"

मिस्त्रींनी ती जागा घासून पुसून घेतली, नवं पॅकिंग लावलं आणि मला बसवलं. पेट्रोलची नळी डाव्या हातात, उजवा तळवा इंजिनच्या तोंडाशी. दोन नट आवळले. एक जरा जास्तच आवळला गेला, तो मी सैल करून घेतला.

"पण सीटवर कोण बसणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"चालकाचं पद मंजूरच नाही," भाऊसाहेब म्हणाले. "कागदावर या मशीनला चालक कधीच नव्हता, तरी अकरा वर्षं मैदान कापलं गेलं आहे. म्हणजे लागत नाही."

त्यांनी स्वतः किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर आला आणि बंद पडलं. मैदानाच्या दाराशी मॅडम उभ्या होत्या.

"घाई करतेस," मिस्त्री हळूच म्हणाले. "भुकेल्याला एकदम वाढू नये. आधी श्वास घे."

मी डोळे मिटले. हाताला कळेल तेवढंच पेट्रोल सोडलं आणि छाती भरून हवा. दुसऱ्यांदा किल्ली फिरली आणि इंजिन असं लागलं, की कुंपणावरचे कावळे उडाले. मशीन निघालं. सीट रिकामी होती. कोपरा आला की चाकं आपोआप वळत होती, जशी कागदावर अकरा वर्षं वळत आली होती. गवत दोन्ही अंगांना आडवं पडत होतं आणि मी मध्ये, हवा आत घेत, पेट्रोल सोडत. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पावणेसहाला कचेरी सुटली की उठायचा आता मला हक्क होता. एक पट्टा राहिला होता, तो संपवूनच उठले.

गुरुवारी समिती आली. प्रमुख साहेबांनी पाच ठिकाणी वाकून बोटं लावली आणि पाचही वेळा मान डोलावली. सामने इथंच होतील, असं त्यांनी जागेवरच लिहून दिलं. मग म्हणाले, मशीन जरा चालवून दाखवा. भाऊसाहेबांनी किल्ली फिरवली. मी पहिल्याच श्वासाला सुरू केलं आणि संथ ठेवलं.

साहेब कान देऊन उभे राहिले. "आवाज फार गोड आहे हो. कार्ब्युरेटर नवा टाकलात का?"

"नवा कुठला," मॅडम म्हणाल्या. "वाघचौरेबाई अकरा वर्षं इथंच होत्या. ऑर्डर काढायला आमच्याकडूनच उशीर झाला."

मी रडले नाही. पेट्रोलात पाणी गेलं असतं.