शेवटाआधी उठणारे मनोहरकाका

सिंदीत आमच्या शेजारी मनोहरकाका राहायचे. कापडाचं दुकान होतं त्यांचं. त्यांच्यासोबत रहस्यपट पाहायचा म्हणजे डोक्याला ताप. पाट्या संपतात न संपतात तोच हा माणूस खुनी कोण ते सांगून मोकळा.

"तो पाह्य, तो कंपाउंडर. काऊन एवढं गोड बोलून राह्यला? त्यानंच मारलं."

आणि खुनी तो कंपाउंडरच निघायचा.

काकांचे नियमच होते. दारू पिऊन चारचौघांत धमकी देणारा निर्दोष. दाढीवाला माळी आपल्याला चकवायला ठेवलेला, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. जो फोनवर "सगळं कळलं, येऊन सांगतो" म्हणेल, तो काही पोचत नाही. आणि सगळ्यांत पक्का नियम, "उगाच गोड बोलते, त्याले धरजो."

तेव्हा गल्लीत रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच, म्हणून आम्ही मुकाट ऐकून घ्यायचो. पुढे भारनियमन आलं. ऐन शेवटाला लाइन जायची, तेव्हा मात्र सारी गल्ली काकांच्याच तोंडाकडे पाहायची. आता घरोघरी टीव्ही आहे, पण शेवट फोडणारं कोणी नाही आणि पाहण्यात ती मजाही नाही.

हाल व्हायचे ते काकूचे. तिला या पिक्चरांचं भारी वेड. काका तोंड उघडताना दिसले की ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. खुनी सांगून झाला की काका चप्पल घालून दुकानात चालते व्हायचे. "समजलं ना सारं, आता काय पाहाचं?"

"एकदा तरी शेवटपर्यंत बसा ना जी माह्याजवळ," काकू म्हणायची. बसतील तर शपथ.

मग काकू आजारी पडली. वर्ध्याला दवाखान्यात मी डबा घेऊन जायचे. तिथले मोठे डॉक्टर काकांवर रोज खेकसायचे, गर्दी करू नका, बाहेर थांबा. त्या दुपारी तेच काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवलात का काका? बसा काकूंजवळ. हवा तितका वेळ बसा."

काकांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मीही तोच नियम ऐकला होता.

डॉक्टर गेल्यावर काकू हळूच म्हणाली, "लईच गोड बोलले जी आज. सांगा आता, शेवट काय हाये?" तिचे हात पांघरुणावरच होते.

काकांनी पांघरूण उगाच सारखं केलं. "मले नाई समजून राह्यला हा पिक्चर."

काकू हसली. "मंग या खेपेले शेवटपर्यंत बसा."

काकांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि स्टूल ओढून ते तिच्याजवळ बसले.